रकान्यातला नवा पत्रा

माझी टायपिंगची स्पीड फार चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याला माझी स्पीड आणि माझा आगाऊपणा दोन्ही कारणीभूत आहेत. मॅट्रिक झाले, सीताबर्डीवर एका माडीवरच्या क्लासात टायपिंग शिकले आणि सदरमधल्या एका सरकारी कार्यालयात लागले, तेव्हा मला एकोणिसावं चालू होतं. लहान उद्योगांना सरकारी मदत देणारं ते कार्यालय. इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीत सरकारी मशीनवर बसलेली पहिली पोरगी मी. सकाळी मी पर्स लटकवून निघाले की बाया दारात येऊन बघायच्या. मला ते आवडायचं. नव्हतं आवडत म्हटलं तर खोटं होईल, आणि खोट्याचा विषय पुढे येणारच आहे.

वस्तीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली पत्राकाम करणारे एक मामा बसत. माझे सख्खे मामा नव्हेत, वस्तीत सगळेच त्यांना मामा म्हणत. घासलेटचा, गोडेतेलाचा, वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन माणसं त्यांच्याकडे यायची. मामा तो डबा उभा चिरत, लाकडी मोगरीने ठोकून सपाट करत आणि त्यातून धान्याची कोठी, चाळणी, नरसाळं, सांगाल ते करून देत. काटोलकडचे संत्रेवाले बसमधून उतरून डोक्यावर डबे घेऊन त्यांच्याकडे येताना मी पाहिलेत. डबा गिऱ्हाइकाचा, मेहनत मामांची. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक डब्यावर ते खिळ्याने खूण कोरत. कोणाची चांदणी, कोणाची मासोळी, आमची उलटी छत्री. ज्याचा डबा, त्यालाच त्याची वस्तू. उरलेला तुकडासुद्धा ते ठेवून घेत नसत. त्याची दिव्याची चिमणी करून वस्तूबरोबर फुकट देत. आमच्या घरी अशा पाच चिमण्या होत्या, म्हणजे आईने तोवर पाच डबे त्यांच्याकडे नेले होते.

हेच मामा रविवारी विहारात पंचशील म्हणवून घ्यायचे. आधी ते म्हणायचे, त्यांच्यामागून आम्ही. दीक्षेच्या वेळी मी सहा-सात वर्षांची होते. पालीतले ते शब्द आम्हा पोरांच्या तोंडी त्यांनीच बसवले. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की ते जरा थांबत आणि आमच्याकडे एकदा पाहून घेत. पोरं सगळ्यात जास्त तेच मोडतात, असं त्यांचं मत होतं.

मामांना आयुष्यात एकच गोष्ट सरकारकडून हवी होती, ती म्हणजे डोक्यावर छप्पर. पाऊस आला की काम बंद. मधूनच महानगरपालिकेची गाडी यायची आणि रस्ता अडवला म्हणून ऐरण, कात्री, शेगडी, सगळं उचलून न्यायची. ते सोडवून आणण्यात आठवडा जायचा. त्या सुमारास शहराच्या कडेला सरकारने लहान धंद्यांसाठी गाळे बांधायला घेतले. मीच मामांना ही बातमी दिली. मीच म्हटलं, अर्ज करा, मी बघते. हे 'मी बघते' तेव्हा माझ्या तोंडात फार असायचं.

अर्ज इंग्रजीत असे. त्यात एक रकाना होता: कच्चा माल कोणता आणि तो कुठून घेता. मामा माझ्या टेबलासमोर डोक्यावरची टोपी काढून बसले आणि म्हणाले, जुने डबे, लोक आणून देतात. सरळ गोष्ट. पण मला त्या कार्यालयात वर्ष होत आलं होतं आणि या सरळ गोष्टीचं पुढे काय होतं ते मी पाहिलं होतं. टायरच्या चपला करणाऱ्याचा अर्ज परत गेला होता. गिरणीतल्या चिंध्यांच्या सतरंज्या विणणारीचा परत गेला होता. ते परतीचं पत्र मीच टाइप केलं होतं. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, पान जमवत सांगायचे की जुन्याचं काही केलं तर ती दुरुस्ती, आणि दुरुस्ती म्हणजे उद्योग नव्हे. उद्योग म्हणजे नवा माल आत, नवी वस्तू बाहेर. माल गिऱ्हाइकाचा असेल तर प्रश्नच मिटला, तो माणूस कारागीर नाही, नुसता मजूर. कबाड्याला आता उद्योजक म्हणायचं का, असं ते विचारायचे आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

त्या काळी टंचाई इतकी, की पत्रा, लोखंड, रॉकेल सगळं परवान्यावर. आणि ज्या माणसाला नवा पत्रा लागतच नव्हता, त्याच्यासाठी त्या सरकारकडे एकही रकाना नव्हता. आज मला हे दिसतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की मामांचा अर्ज परत जाणार, आणि तो मला परत जाऊ द्यायचा नव्हता. मी त्या रकान्यात टाइप केलं: नवा पत्रा, परवान्यावर, बाजारातून. दहा सेकंदांचंही काम नव्हतं.

मी ते मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सही केली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे चूक म्हणू नये, मी ते जाणूनबुजूनच केलं. मी बोट ठेवलं, इथे सही करा म्हटलं. मामा वयाच्या तिशीत रात्रशाळेत सही शिकले होते. त्यांनी शाईचा पेन माझ्याकडून घेतला, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर बसवत सही केली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे आठ लागले, पण गाळा मिळाला. मामी, म्हणजे त्यांची बायको, आमच्या घरी खोबरं-साखर घेऊन आली. तिने माझ्या आईसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मी त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

गाळ्याबरोबर परवान्याचा पत्राही मंजूर झाल्याचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं, तेही मीच वाचून दाखवलं. एवढा पत्रा तुमच्या नावावर मंजूर आहे आणि तो उचलायलाच हवा, असं त्यात होतं. मामांनी जुनी सायकल विकून तो उचलला. महिन्याभराने मी गाळा बघायला गेले. मामा आपले जुन्या डब्यांच्या राशीत बसून ठोकत होते. चांदण्या, मासोळ्या, सगळ्या खुणा होत्या. आणि मागच्या भिंतीशी विटांवर, तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून ते नवे पत्रे रचून ठेवलेले. धुळीचा कण नाही.

मी विचारलं, मामा, हे कापत का नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुभती गाय कापायला सांगितली.

"एवढं नवंकोरं पत्रं काहून कापू वं? जुनं सरलं का मग पाहू. अन् जुनं काई सरत नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, मामा, कागदावर तुम्ही नव्या पत्र्याचं काम करता, थोडा तरी कापा, निदान दाखवण्यापुरता. पण ते म्हणायचं तर रकान्याची गोष्ट निघाली असती. मी नुसतं हसले आणि चहा पिऊन घरी आले.

पुढे दोन वर्षं बरी गेली. गिऱ्हाइकांना गाळा लांब पडायचा, तरी येत होती. मग कुठूनतरी वरून हुकूम आला की परवान्याचा पत्रा घेऊन लोक तो इतवारीच्या बाजारात चढ्या भावाने विकतात, तेव्हा सगळे गाळे तपासा. आता गंमत बघा. ज्यांनी खरोखर विकला, त्यांनी चार पावत्या आणि दोन नव्या पेट्या दाखवून निरीक्षकाला वाटेला लावलं. मामांच्या गाळ्यात निरीक्षकाला आलेला सगळा पत्रा जसाच्या तसा मिळाला. एक तुकडा कमी नाही. तो बिचारा चक्रावला असावा. पण त्याच्या कागदावर चक्रावण्यासाठी जागा नव्हती. त्याने लिहिलं की मंजूर माल उत्पादनात वापरलेला नाही, उत्पादन दुसऱ्याच मालातून होतं, अर्जातली माहिती खोटी आहे.

चौकशी आमच्याच कार्यालयात झाली. साहेबांच्या खोलीत मामा उभे, बडे बाबू फाइल घेऊन उभे, आणि जबाब टाइप करायला कोपऱ्यात मशीनवर मी. कार्यालयात मीच सगळ्यात जलद होते, म्हणून मला बोलावलं. साहेबांनी अर्ज काढला आणि मराठीत समजावून सांगितलं की इथे लिहिलं आहे, नवा पत्रा वापरणार. हे तुम्ही सांगितलं होतं का?

मामांनी पहिल्यांदाच ऐकलं की त्या रकान्यात काय होतं. मी मान खाली घालून मशीनमधल्या कोऱ्या कागदाकडे पाहत बसले होते. त्यांनी एकदा म्हटलं असतं की साहेब, ही पोरगी बसली आहे ना, तिला विचारा, तर मी काय केलं असतं? माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. घरात कमावणारी मी एकटी. ही कारणं मी वर्षानुवर्षं घोकलीत, त्यात नवीन काही नाही.

मामा म्हणाले, "सही माझीच हाय, साहेब."

एवढंच. खोटं बोललो असं ते म्हणाले नाहीत. साहेबांनी मला मजकूर सांगितला: अर्जदाराने खोटी माहिती दिल्याचे कबूल केले. मी ते टाइप केलं. चार प्रती, मध्ये कार्बन. एकही चूक नाही. मामांनी पुन्हा पेन घेतला, पुन्हा जीभ दातांत धरली आणि चारही प्रतींवर सही केली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं रागावले. खरं म्हणजे ते साहेबांसमोर ओळख दाखवत नव्हते, हे समजायला मला पुष्कळ दिवस लागले.

गाळा गेला, पत्रा जमा झाला, सायकल तर आधीच गेली होती. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात तसलं. कडुलिंबाखाली तोवर एकाची चहाची टपरी लागली होती. मामा घराच्या ओट्यावर काम करू लागले. तेही चाललं असतं. पण त्या कागदाची एक प्रत गाळ्याच्या दारावर चिकटवली गेली होती आणि वस्तीतल्या दोघा-चौघांनी ती वाचली होती. पुढच्या रविवारी विहारात मामा पुढे उभे राहिले, तेव्हा मागून एक जण म्हणाला, "मामा, चौथं तेवढं दुसऱ्याले म्हणू द्या." थट्टाच होती. आमच्याकडे माणसं मयतीतही थट्टा करतात. पण मामा पुढून निघाले, चालत मागे आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. त्या रविवारी पंचशील दुसऱ्या कोणी म्हणवून घेतलं. त्यानंतर मामा कधीच पुढे उभे राहिले नाहीत.

मी बायांमध्ये बसले होते. पाच पावलं पुढे जाऊन बोलले असते तर झालं असतं. त्या विहारात काही साहेब नव्हता, नोकरी जाणार नव्हती. फक्त बाया दारात येऊन मला बघायच्या, ते गेलं असतं. तेवढ्यासाठी मी गप्प राहिले. कार्यालयातल्या गप्प बसण्याला निदान भाकरीचं कारण होतं. या गप्प बसण्याला मला कारण सापडत नाही, आणि खरी लाज मला त्याचीच वाटते.

मी लग्न करून दुसऱ्या भागात राहायला गेले. कायम झाले, वरच्या जागेवर गेले. दहा-बारा वर्षं उलटली. कार्यालयातले अर्ज मराठीत झाले. आणि एक दिवस मुंबईहून परिपत्रक आलं. ते वाचून मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. टाकाऊ मालातून वस्तू तयार करणाऱ्या लहान उद्योगांना प्राधान्य द्यावं, गाळे द्यावेत, कर्ज द्यावं, असे उद्योग देशाच्या हिताचे आहेत. सोबत अर्जाचा नमुना होता. कच्च्या मालाच्या रकान्याखाली कंसात छापलं होतं: जुना अथवा वापरलेला असल्यास तसे नमूद करावे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. बडे बाबू निवृत्त झाले होते, नाहीतर मी तो कागद त्यांच्या पानदानावर नेऊन ठेवला असता.

त्या रविवारी मी तो अर्ज घेऊन इंदोऱ्याला गेले. मामी वारली होती. मामा ओट्यावर बसून बोटांनी चाचपत एक नरसाळं वळवत होते. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने थोडं. समोर डबे चार-पाचच. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं आणि आधी मुलांची चौकशी केली. मी परिपत्रक वाचून दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "आता डबे कुठं हायत वं? लोकं पलास्टिक आणून राहिले. फुटलं का फेकून देतात. त्याले ठोकता येत नाही."

मी तेव्हा बोलून टाकलं. तो रकाना मी बदलला होता, मामा. तुम्ही जुना सांगितलं, मी नवा लिहिलं. इतकी वर्षं मनात हजारदा घोकलेलं वाक्य होतं, पण बाहेर आलं तेव्हा अगदी पोरकट वाटलं. मामांनी नरसाळं खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. ते म्हणाले की हे तर त्यांना साहेबांच्या खोलीतच समजलं होतं. दुसरं कोण लिहिणार? मग त्यांनी मला एकच गोष्ट मागितली. गाळा नको होता, कर्ज नको होतं. तो जबाबाचा कागद कार्यालयात असेल ना, त्याच्यावर लिहून आणशील का, की मामा खोटं बोलले नव्हते? विहारातल्या नव्या पोरांना वाचून दाखवता येईल.

मी हो म्हटलं. मी बघते म्हटलं.

सोमवारी मी दप्तरखान्यात गेले. फाइल नव्हती. जुन्या फायली निकालात काढून रद्दीत दिल्या होत्या, त्याला तीन वर्षं झाली होती. निकालात काढायच्या फायलींची यादी कपाटात होती. ती मीच टाइप केली होती. मामांचा नंबर त्यात मधोमध होता आणि टाइप करताना तो माझ्या लक्षातही आला नव्हता. ती रद्दी एव्हाना कुठे चिवड्याच्या पुड्या झाली असेल, कुठे पुठ्ठा. कागद वाया गेला नाही, एवढं खरं.

तरी एक रस्ता होता, आणि तो मला चांगला माहीत होता. मी साहेबांकडे लेखी द्यायचं की अमुक अर्जात मी आपल्या मनाने फेरफार केला, अर्जदाराचा दोष नव्हता. त्यावर आवक क्रमांक पडला असता, चौकशी झाली असती, आणि शेवटी मामांना शिक्क्याचा कागद मिळाला असता. मला काय झालं असतं? वेतनवाढ थांबली असती, कदाचित आणखी काही. पेन्शनला अजून बरीच वर्षं होती, मोठ्या मुलीला पुढे शिकवायचं होतं. मी दोन दिवस विचार केला. मग घरी बसून एका कोऱ्या कागदावर सगळं स्वच्छ लिहिलं. रकाना, नवा पत्रा, जबाब, सगळं. खाली माझं नाव लिहून सही केली आणि पुढच्या रविवारी नेऊन दिलं.

मामांनी कागद हातात घेतला. वाचता येण्यासारखे डोळे नव्हते. मी वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली. मग त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. पत्र्याची कड तपासायचे तसा.

"शिक्का नाही वं याच्यावर."

घरीच लिहिलाय, मी म्हटलं. त्यांना कळलं.

"म्हणजे तू मलेच सांगतलं फक्त," ते म्हणाले. "मले तर माहीतच होतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि नरसाळं उचललं. मी अजून थोडा वेळ बसले. चहाचं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. पुढल्या हिवाळ्यात ते गेल्याचं मला कोणीतरी बसस्टॉपवर सांगितलं.

आता मी निवृत्त आहे. पेन्शन चालू आहे. माझी वेतनवाढ आता कोणी थांबवू शकत नाही आणि बाया दारात येऊन बघतील असं माझ्यात काही राहिलेलं नाही. हे सगळं विहारात उभं राहून सांगायचं म्हटलं तर तिथल्या पोरांना मामा कोण हेच माहीत नाही. तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. लिहिताना मी सवयीने खाली उजवीकडे शिक्क्यासाठी जागा सोडली होती, ती तशीच आहे.